मुलाचा प्रश्न आणि घरातलं पवित्र शास्त्र

(बेंबळी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मी विषयही शिकवण्याचाच घेतला. शाळेतल्या शिकवण्यावर तुम्ही पुष्कळ भाषणं ऐकली असतील. मी घरातल्या शिकवण्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही ख्रिस्ती घरातल्या: आईबाप आणि मुलं मिळून बायबल कसं वाचतात, कसं वाचायला हवं आणि त्यांचं कुठे चुकतं. समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरी बायबल नसेल. हा विषय इथे चालेल का, असं मी संयोजकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "न चालायला काय झालं? आमच्याकडे श्रावणात पोथी लावतात." माझी काळजी मिटली. ज्यांनी हरिविजय किंवा पांडवप्रताप घरात लागलेला पाहिलाय, एक जण वाचतोय, एक जण अर्थ सांगतोय आणि पोरं आजीच्या मांडीवर पेंगताहेत हे पाहिलंय, त्यांना माझा अर्धा विषय आधीच ठाऊक आहे.

शिवाय या जिल्ह्याला बायबल परकं राहिलेलं नाही. जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. साहित्यनगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव होतं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे कर्ते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. फादर पाठदुखीने बेजार होते, तरी आले आणि बोलले. जुलै 2024 मध्ये ते गेले. बायबलवर बोलायला या जिल्ह्यात उभं राहिल्यावर त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसलं नसतं.

आता घरात येऊ.

मराठी ख्रिस्ती घरात याला कौटुंबिक उपासना म्हणतात. जेवणं आटोपली की सगळे बसतात. 'उपासना संगीत' उघडून एक गीत म्हटलं जातं. त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना. प्रार्थना लांबली तर धाकटा तिथेच झोपतो आणि 'आमेन'ला त्याला कोपर मारून जागं करतात. रविवारी शब्बाथ शाळेत त्याच पोराला सुवर्णवचन पाठ म्हणून दाखवायचं असतं. बिनचूक म्हटलं तर रंगीत चित्राचं कार्ड मिळतं, नाहीतर आईचा डोळा मिळतो. मी या पद्धतीतच वाढलो आणि तिचं माझ्यावर ऋण आहे. स्तोत्रसंहितेतली पाचपंचवीस स्तोत्रं आज तोंडावर आहेत ती त्यामुळेच. पण एवढं म्हणजे अभ्यास नव्हे. पाठांतर ही अभ्यासाची तयारी झाली. अभ्यास सुरू होतो तो मूल वाचणाऱ्याला मध्येच थांबवतं तेव्हा. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: घरात शास्त्र वाचताना प्रश्न कोण विचारतो ते पाहा. मोठे विचारत असतील तर ती परीक्षा झाली. मूल विचारत असेल तर तो अभ्यास.

ही आजच्या बालमानसशास्त्राची कल्पना आहे असं कुणाला वाटेल. ती मोशेच्या नियमशास्त्राइतकी जुनी आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा आहे की ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना बोला, वाटेने चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला. देवळाचं नाव तिथे नाही, गुरुजींचं नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात याहून नेमकी गोष्ट आहे. वल्हांडणाचा सण कसा पाळायचा ते सांगून झाल्यावर लिहिलंय की तुमची मुलं विचारतील, हे सगळं कशासाठी? तेव्हा त्यांना सांगा. मूल विचारणार हे आधीच धरून चाललेलं आहे. सण जणू मुलाने विचारावं म्हणूनच मांडलाय.

आणि हे मराठीतही चालत आलंय. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांची घरची भाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्री कुटुंब ताटाभोवती बसतं आणि घरातलं सगळ्यांत लहान मूल विचारतं की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून घरचा वडीलधारा मिसरातून सुटकेची कथा सांगतो. या रात्रीच्या पोथीला हग्गादा म्हणतात. 1846 साली मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा शिळाप्रेसवर छापला गेला. 1874 मध्ये पुण्यातही एक चित्रांचा हग्गादा मराठी भाषांतरासह निघाला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, ते मुख्यतः याच समाजाच्या मुलांसाठी. 1948 नंतर यांतले बरेच लोक इस्राएलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघू लागलं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांनी या शेजाऱ्यांकडून पुष्कळ घ्यायला हवं होतं. निदान ही एक रीत तरी, की लहानाने विचारल्याशिवाय मोठ्याने सुरू करायचं नाही.

आम्ही काय घेतलं? आम्ही प्रश्नोत्तरावली घेतली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं क्रिस्तपुराण तुम्ही ऐकून असाल: 1616 साली रायतूरला छापलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्या कराराचं. मराठी भाषेची थोरवी इतक्या प्रेमाने गाणारा तो ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, कारण त्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. या ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग माझ्या विषयाचा आहे. गोव्यातल्या साष्टीत रविवारी मुलांचं धर्मशिक्षण चाललेलं असतं. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की तुम्ही आम्हाला जुनी पुराणं वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी काय देता? वेळ घालवायला, मन रमवायला काहीतरी हवं की नको? त्या एका प्रश्नातून क्रिस्तपुराण जन्माला आलं. म्हणजे मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ एका श्रोत्याच्या तक्रारीचं उत्तर आहे! त्याच स्टीफन्सची दुसरी पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, कोकणीत निघाली. ती प्रश्नोत्तरांची आहे, शिकवणाऱ्याने विचारायचं आणि शिकणाऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं अशा परंपरेतली. पुढच्या काळात घरोघरी आणि शाळांतून रुजली ती ही दुसरी रीत. प्रोटेस्टंट मिशनं आली तेव्हा त्यांनीही स्वतःच्या प्रश्नोत्तरावल्या आणल्या. ओवी मागे पडली आणि घोकंपट्टी उरली. माझ्या मते मराठी ख्रिस्ती कुटुंबांचं हे फार मोठं नुकसान झालं. टिळकांनी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काहीसं भरून काढलं. 'ख्रिस्तायन' या काव्याचे आरंभीचे दहा-अकरा अध्याय टिळकांचे, बाकीचा सगळा डोंगर लक्ष्मीबाईंनी उचलला आणि 1938 मध्ये, त्यांच्या पश्चात, तो ग्रंथ छापून आला. ज्या बाईला लहानपणी धड अक्षरओळख नव्हती, तिने हे केलं.

पंडिता रमाबाईंवर जरा थांबतो, कारण घरातल्या शास्त्राभ्यासाच्या दोन्ही बाजू त्यांच्या एका आयुष्यात दिसतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे रमाबाईंना शिकवलं. पहाटे उजाडायच्या आधी मुलीला गोंजारून जागं करायचं आणि आपण म्हणायचं, तिने मागून म्हणायचं. हातात पुस्तक नसे. घरातलं इतकं सुंदर शिकवणं मराठी आठवणींत मला दुसरं फार दिसत नाही. पण त्याच कुटुंबाचा उदरनिर्वाह तीर्थोतीर्थी संस्कृत पुराण वाचण्यावर चाले. लोक येत, बसत, दक्षिणा ठेवत. ऐकलं की पुण्य मिळालं. समजलं पाहिजे असा आग्रह ना वाचणाऱ्याचा, ना ऐकणाऱ्याचा. रमाबाईंनी पुढे हे सगळं स्पष्ट लिहून ठेवलंय. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांच्याभोवती जमल्या. तेव्हा त्यांना दिसलं की चालू मराठी बायबलही या बायकांना कळत नाही. ऐकायचं, मान डोलवायची आणि न समजता उठायचं, हे पुन्हा तेच होतं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल साध्या मराठीत स्वतः उतरवलं. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही बायकाच होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. एका बाईने एकटीने केलेलं सबंध बायबलचं असं भाषांतर जगातही विरळा. ते तिने विद्वानांसाठी केलं नव्हतं. चुलीपुढे बसून मुलाला वाचून दाखवता यावं आणि मुलाने "म्हणजे काय?" म्हटलं तर आईला सांगता यावं, एवढ्यासाठी केलं होतं. असं मी तरी मानतो.

अगदी उलटी शाळाही आपल्याकडे भरलेली आहे. नगर, सोलापूर, जालना या भागांत एकोणिसाव्या शतकात जी माणसं ख्रिस्ती झाली, ती बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. घरात पहिलं अक्षर आलं ते मिशनच्या शाळेत जाणाऱ्या पोराबरोबर. म्हणजे रात्री बायबल वाचणारं मूल आणि ऐकणारे आईबाप. आमच्या घरात माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, दिव्याजवळ बसून मी वाचायचो, ती धान्य निवडत ऐकायची आणि मध्येच हात थांबवून विचारायची, "त्या बाईचं पुढं काय झालं?" बायबलात त्या बाईचं पुढे काही लिहिलेलं नसायचं. मी म्हणायचो, लिहिलं नाही. ती म्हणायची, "मग तू सांग." आता वाटतं, शास्त्र शिकवण्याची अर्धी विद्या त्या तीन शब्दांत होती. न शिकलेल्या माणसाला लाज वाटत नाही म्हणून ते मोकळेपणाने विचारतं, मुलाचंही तसंच. लाज आपण शिकलेले लोक शिकवतो.

पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे जेमतेम चौदा वर्षांची असेल. 1855 मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला तर ते पाहायचीही मनाई, मग आमचा धर्म कुठला, असं ती देवालाच विचारते. पंडितांनी हजार वर्षं विचारला नव्हता तो प्रश्न एका मुलीने विचारला, कारण तिला विचारण्याची परवानगी मिळाली होती. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र. त्या संपादकांनी तो प्रश्न छापला याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पण त्याच मिशनच्या शाळांत बायबलबद्दल असाच तिखट प्रश्न एखाद्या मुलीने केला असता तर तो तितक्याच उत्साहाने छापला असता का, हे मला विचारावंसं वाटतं.

तिखट प्रश्नांना घाबरू नका, एवढंच मी ख्रिस्ती आईबापांना सांगत असतो. अब्राहामाने मुलाला वेदीवर बांधलं हे वाचल्यावर सहा वर्षांचं पोर बापाकडे बघतं. ते काय बघतंय ते बापाला कळतं. तिथे पान उलटू नका. तो बाप काय विचार करत डोंगर चढला असेल, पोराला कधी कळलं असेल, यावर बोला. उत्तर सापडलं नाही तर तसं सांगा. दावीदाची गोष्ट गल्याथाला मारलेल्या गोफणीपाशी थांबवू नका, उरीयाच्या खुनापर्यंत न्या. राजाने केलेलं पाप ग्रंथात लिहून ठेवणारे लोक कसे असतील, हा प्रश्न शाळेतल्या कुठल्याही इतिहासाच्या तासापेक्षा मोठा आहे.

आणि तुमच्या शेतशिवाराला या ग्रंथात जे दिसतं ते शहरातल्या पाळकाला दिसत नाही. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काटेऱ्यांत, काही चांगल्या जमिनीत. मराठवाड्यातलं शेतकऱ्याचं पोर पहिलं विचारेल, वाटेवर बी पडलंच कसं? तिफण धरून, चाड्यावर मूठ ठेवून पेरणाऱ्या बापाचं ते पोर. त्याला हा पेरणारा गबाळा वाटणार. प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या देशात बी हाताने फेकून पेरत, त्यामुळे थोडं वाटेवर जायचंच. मग गोष्ट वेगळी दिसू लागते. हा पेरणारा चूक करत नाहीये, सगळीकडे टाकतो आहे, खडकावर सुद्धा. तो असं का करतो, यावर घरात अर्धा तास बोलणं होऊ शकतं. रूथची गोष्ट तर तुमच्याच रानातली वाटावी. विधवा सून परक्या गावी येते आणि सासूला जगवायला कापणीमागे सरवा वेचते. ज्वारीच्या काढणीत सरवा कोण वेचतं, मालक किती सोडतो आणि कुठला मालक हाकलून देतो, हे बेंबळीतल्या बायकांना कुणी शिकवायला नको. लेवीय पुस्तकात शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबाला राहू द्या, असा नियमच आहे. मुलाला विचारू द्या, आपल्या रानात आपण किती सोडतो? हा प्रश्न बापाला अडचणीचा आहे म्हणून तर तो चांगला.

इथे एक खोडी सांगतो. इफिसकरांच्या पत्रातल्या सहाव्या अध्यायाचं पहिलं वचन, मुलांनी आईबापाच्या आज्ञेत राहावं, हे प्रत्येक ख्रिस्ती पोराला पाठ असतं. चौथं वचन बापांना उद्देशून आहे, मुलांना चिडीला आणू नका असं. ते पाठ असलेलं पोर मला अजून भेटायचंय. शास्त्राचा असा छडीसारखा उपयोग सगळेच धर्म करतात, आमचाही त्याला अपवाद नाही. शाळेत गेलेल्या पोराला दोन्ही वचनं वाचू द्या. दुसरं त्याला आपोआप सापडेल.

शब्बाथ शाळेविषयी थोडं कडू बोलतो. रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्राच्या संपादकाने 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी कारखान्यात राबणाऱ्या गरीब पोरांसाठी रविवारची शाळा काढली. ज्यांना घरी शिकवणारं कुणी नव्हतं त्यांच्यासाठी ती होती. भारतात 1876 मध्ये तिची संघटना झाली. कामाची गोष्ट होती. पण हळूहळू शिकलेल्या आईबापांनीही आपलं काम तिच्यावर टाकलं. आठवड्याचा एक तास, तोही कार्ड मिळवायच्या चढाओढीत. स्पर्धा घ्यायचीच असेल तर कुणी किती वचनं म्हटली याची नको, कुणी कुठला प्रश्न आणला याची घ्या.

आता भाषेकडे. इथली वयस्क मंडळी निजामाच्या राज्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथे कचेरी उर्दूत आणि वरचं शिक्षण उर्दूत. मराठी टिकली ती पोथीत, वारीत, कीर्तनात आणि ओट्यावर. म्हणजे घराने भाषा सांभाळली. आज पुण्या-मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतली मुलं इंग्रजी शाळांत जातात आणि मराठी पवित्र शास्त्र त्यांच्या हातात ठेवलं तर ओळीवर बोट ठेवून अडखळतात. आजीला इंग्रजी येत नाही, नातवाला मराठी वाचता येत नाही. दोघांच्या मध्ये ते पुस्तक मिटलेलं असतं. तुमच्याकडेही ज्ञानेश्वरीचं हेच होणार आहे, कदाचित होऊ लागलंय. यावर शाळेकडे बोट दाखवून भागणार नाही. नातवाने वाचायचं, आजीने चुका दुरुस्त करायच्या आणि दोघांनी मिळून भांडायचं, हा एकच उपाय मला दिसतो. अडखळत वाचलं तरी चालेल. अडखळतो तिथेच माणूस थांबतो, आणि थांबला की विचारतो.

लूकाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग सांगून आवरतं घेतो. बारा वर्षांचा येशू यात्रेत आईबापांपासून चुकतो. तीन दिवसांनी मंदिरात सापडतो तेव्हा तो शास्त्रीमंडळींच्या मध्ये बसून त्यांचं ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. त्याच्या लहानपणाचा शुभवर्तमानांतला हा एवढाच मोठा प्रसंग. आम्ही आमच्या मुलांना येशूसारखे व्हा म्हणतो तेव्हा हा येशू नेमका विसरतो.

ज्या ख्रिस्ती घरांपर्यंत हे छापील व्याख्यान जाईल त्यांना विनंती अशी. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. चारांत ते सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचं. रोज रात्री एक अध्याय. आळीपाळीने वाचा, धाकट्याला सुद्धा वाटा द्या. मधे थांबवलं तर थांबा, अध्याय राहिला तर राहू द्या. मोठ्यांनी एकही प्रश्न विचारायचा नाही असा नियम पहिल्या सोळा रात्री पाळा. कठीण जाईल, पाळून बघा. आणि ज्यांच्या घरात दुसरा ग्रंथ आहे, ज्ञानेश्वरी असो, कुराण असो, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असो, त्यांनी हाच नियम तिथे लावून बघायला माझी काही हरकत नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनी आधी विचारायचं, मोठ्यांनी मागून.